मदत हवी आहे: कुलसंमेलन, रामकुंडावरची नामावळी आणि वंशवृक्षातलं ‘निर्वंश’

नमस्कार मंडळी,

आमच्या कुलमंडळाचं वार्षिक संमेलन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी नाशकात आहे. सकाळी मिसळ, मग कुलदेवतेची आरती, दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, दुपारी मठ्ठा-जिलबी, असा ठरलेला बेत. यंदा चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलंय (सभेला उशिरा गेलं की असं होतं).

गेल्या वर्षी हॉलच्या भिंतीवर दहा फुटी फ्लेक्सवर वंशवृक्ष लावला होता. ज्याला त्याला आपलं नाव सापडतंय, फोटो निघताहेत, सगळं छान चाललेलं. तेवढ्यात ओझरच्या आत्या समोर उभ्या राहिल्या. त्यांच्या वडिलांच्या नावाखाली ‘निर्वंश’, म्हणजे वंश खुंटला, असं छापलं होतं. वडिलांना तीन मुली, आणि तिघीही त्या वेळी हॉलमध्येच. आत्यांनी पर्समधून बॉलपेन काढलं, ते फ्लेक्सवर उमटेना. मग नोंदणीच्या टेबलावरचा मार्कर आणून त्यांनी त्या शब्दावर काट मारली आणि खाली तिघींची नावं लिहिली. अध्यक्षकाका म्हणाले, “अहो, कुलवृत्तांतात अशीच पद्धत असते.” आत्या म्हणाल्या, “मग वर्गणीची पावती माझ्या नावाने का फाडलीत?”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

यंदा तयारी म्हणून कुलमंडळातले आम्ही दोघं पंचवटीत आमच्या उपाध्यांकडे, म्हणजे घराण्याच्या तीर्थपुरोहितांकडे, गेलो. त्यांनी आडनाव विचारलं आणि मूळ गाव. आम्ही म्हटलं नाशिक. “नाशिक कसलं, त्याआधीचं सांगा.” सिन्नर तालुक्यातलं गाव सांगितल्यावर त्यांनी लाल कापडात बांधलेली लांबट चोपडी काढली (हीच नामावळी, रामकुंडावर आलेल्या यजमानांच्या नोंदींची वही) आणि दहा मिनिटांत पान समोर. सगळं जुन्या मोडी लिपीत. गुरुजींनी ‘शके १७९८ धातानाम संवत्सरे’ एवढं वाचून दाखवलं, पणजोबांच्या वडिलांचं नाव दाखवलं, आणि त्याच नोंदीत त्यांची आई, बायको, आईचे वडील! श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईकडच्या तीन पिढ्यांचाही उच्चार लागतो, म्हणून विचारून लिहून घेतात, म्हणाले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या वहीत बायका आहेत, आणि आमच्या फ्लेक्सवर नाहीत. ज्या सुना आहेत त्यांचंही फक्त लग्नात बदललेलं नाव. माहेर कुठलं, पत्ता नाही.

तर प्रश्न असे:

वंशवृक्षात मुली, त्यांची मुलं आणि सुनांची माहेरं घ्यायची तर कागदावर मांडायचं कसं? काका म्हणतात भिंत पुरणार नाही.

त्या पानाचा बाकीचा मजकूर कुणाकडून वाचून घ्यावा? आणि शके १७९८ म्हणजे दुष्काळाचं साल ना? ‘आमचं घराणं दुष्काळात गाव सोडून नाशकात आलं’ असं स्मरणिकेत छापायला काका उतावीळ झालेत.

प्रतिसाद १

शकात ७८ मिळवा. १८७६-७७. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचं साल आहे खरं, पण काकांना आवरा. नामावळीतली नोंद एवढंच सांगते की ती माणसं त्या दिवशी गोदावरीवर आली होती. अस्थी घेऊन आली असतील, यात्रेला आली असतील आणि संध्याकाळी बैलगाडीने परतही गेली असतील. तहसीलच्या अभिलेख कक्षात मूळ गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. त्यानंतरही घरात जन्म गावातच होत असतील तर स्थलांतराची गोष्ट बाद. महसुली कागदावर फसली सन, म्हणजे महसुलाची जुनी कालगणना, दिसला तर ७८ नाही, ५९० मिळवायचे. यात भलेभले फसतात.

मोडीसाठी: २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जणांनी जुनी दप्तरं वाचली आहेत. तहसीलमध्ये विचारा, कुणीतरी नाव सुचवेल. दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्या आणि जुळवा. पानाचा फोटो पडद्यावर दाखवायचा असेल तर आधी उपाध्यांना विचारा, ती त्यांची वही आहे.

प्रतिसाद २

फ्लेक्स करूच नका. छापलं की माणसं भांडतात. पांढऱ्या कागदाचा रोल आणा, शाखेगणिक वेगळा तक्ता करा, प्रत्येकाला क्रमांक द्या. मुलीच्या नावापुढे ‘पुढे तक्ता अमुक’ लिहिलं की भिंत पुरते. आम्ही ‘निर्वंश’ हा शब्दच काढला. मूल नसेल तर तिथे काही लिहीत नाही.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि फोन नंबर मात्र भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपच्या पीडीएफमध्ये टाकू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काकांना बैलगाडीचा मुद्दा वाचून दाखवला, ‘दुष्काळात’ हा शब्द तूर्त निघालाय. सिन्नरला सोमवारी जातोय.

ओझरच्या आत्यांनाही फोन केला. कागद लावतोय, पेन्सिली ठेवतोय, या आणि तुमची शाखा भरा म्हटलं. तिघींच्या मुलानातवंडांची यादी तयार आहे म्हणाल्या, पण पेन्सिल नको. मार्कर त्या घरून आणणार आहेत.