सोरॉरिटी निवडताना नाव बघावं का? आपापले अनुभव सांगा

ह्यूस्टनची_आई:
काल व्हिडिओ कॉलवर लेक काळ्या ड्रेसला इस्त्री करत होती. आज तिच्या रशची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजात मुलींच्या संघटनांची घरं (हाउस) बघून त्यातलं एक निवडायच्या फेऱ्यांची, शेवटची फेरी. बघता बघता मला माझा २००३ चा ऑगस्ट आठवला. एका हाउसमधल्या मुलीने माझं नाव नीट म्हणता यावं म्हणून ते पेनाने तळहातावर लिहून घेतलं होतं, दोनदा म्हणूनही बघितलं. तिथून उठावंसंच वाटेना. पण डॉर्ममध्ये सगळ्या म्हणाल्या, अगं ते बॉटम टियर, सगळ्यात खालच्या दर्जाचं, तिथे गेलीस तर कोण विचारणार? शेवटच्या यादीत मी एकच नाव लिहिलं, सगळ्यात वरच्या हाउसचं. बिड डेच्या, म्हणजे कुठल्या हाउसने घेतलं ते कळतं त्या दिवशी, सकाळी काउन्सेलरचा फोन आला, कुठेच जुळलं नाही. तो तळहात अजून डोळ्यांसमोर येतो. तुम्ही काय केलंत, मुलींना काय सांगितलंत? लिहा ना.

मीनल_अटलांटा:
ताई, वाचून गलबलून आलं. आमचीही दुसऱ्या फेरीनंतर दोन तास रडली. नंतर लिहिते, डबे भरायचेत.

रेवती७८:
मी उलट बाजूने सांगते. नाव बघावंच, पण कसलं ते बघा. टियर ठरतात दिसण्यावर आणि पार्ट्यांवर. माझ्या मुलीच्या कॉलेजात एका नावाजलेल्या हाउसमध्ये नव्या मुलींना रात्र रात्र जागवायचे. हेझिंगच, म्हणजे आपलं रॅगिंग. ती आठ आठवड्यांत बाहेर पडली, वजन उतरलेलं, फोन वाजला की दचकायची. आता डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्यामुळे कॉलेजांना हेझिंगच्या दोषी संघटनांचा अहवाल वेबसाइटवर टाकावा लागतो. आयांनो, टियर राहू द्या, आधी तो अहवाल वाचा.

पुणेरी_मावशी:
सोरॉरिटी म्हणजे मुलींचं हॉस्टेल का गं? भाची जायचं म्हणतेय.

रेवती७८:
नाही मावशी, मुलींची संघटना. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं घर असतं, पण सगळ्या तिथे राहतात असं नाही. वर्गणी मात्र भरपूर, आधी आकडा लेखी मागायला सांगा तिला.

ऑस्टिनकर_स्नेहा:
मी देशी सोरॉरिटीत होते, कप्पा फाय गॅमा. १९९८ ला आमच्याच ऑस्टिनला सुरू झाली. त्याच वर्षी ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कला सिग्मा सिग्मा ऱ्हो. मोठ्या हाउसवाल्यांच्या टियरमध्ये आम्ही कुठेच नव्हतो. पण बाबांची बायपास झाली तेव्हा चौघी जणी रात्री गाडी काढून मला डॅलसला सोडायला आल्या. एकीची सकाळी परीक्षा होती. मी अजून काय सांगू.

बर्मिंगहॅमवासी:
आमच्या अलाबामात २०१३ ला युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं होतं की उत्तम मार्कांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला सोरॉरिट्यांनी नाकारलं, तेही माजी सदस्यांच्या दबावामुळे. मोठं नाव असलेली घरं होती ती. तेव्हापासून नाव ऐकलं की मी विचारते, हे नाव दिलं कुणी?

मीनल_अटलांटा:
आले परत. लेक म्हणते गणपतीला येणार नाही, बिड डेनंतर रोज मीटिंगा. डॉर्मवर मोदक पाठवले तर टिकतील का?

ऑस्टिनकर_स्नेहा:
उकडीचे नाही टिकणार गं, तळणीचे पाठव. सारण चांगलं कोरडं कर. फ्रोजन नारळ असेल तर आधी परतून घे.

ह्यूस्टनची_आई:
स्नेहा, तुझ्या चौघींचं लेकीला वाचून दाखवलं. आता मेसेज आला, यादीत उरलेल्या दोन्ही हाउसची नावं लिहिली म्हणाली. पहिलं कुठलं ते मी विचारलं नाही.