‘सीबी मेला’ म्हणणाऱ्यांनी आधी अँटेनाचं ग्राउंड तपासावं

घाटमाथा (धागाकर्ता)
अमेरिकेत नव्याने ट्रक चालवायला लागलेल्यांसाठी काल इथे जो लेख आला, त्यातला पाचवा सल्ला असा: “सीबी रेडिओवर पैसे घालवू नका, सीबी मेला, फोनवरचं वेझ पुरेसं आहे.” (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, ट्रकमधून आसपासच्या ट्रकशी थेट बोलायचा वायरलेस; वेझ म्हणजे रस्त्याच्या सूचना देणारं ॲप.) त्यावर दोन ओळींत भागेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

वेझवरची सूचना म्हणजे आधी कुणीतरी पाहिलं, बोट दाबलं, ते सर्व्हरवर गेलं आणि तुमच्या फोनला रेंज असली तर पोहोचलं. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्स हिवाळ्यात काय होतं ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. एल्क माउंटन ते आर्लिंग्टन वारा बर्फ रस्त्यावरून आडवा वाहून नेतो. ८०,००० पौंडांचा भरलेला ट्रक ताशी ६५ मैलांवरून कोरड्या रस्त्यावर थांबायलाच सव्वापाचशे फूट घेतो. तिथे ट्रकवाल्यांच्या ठरलेल्या चॅनल १९ वर “माइल २६२, ट्रक आडवा, दोन्ही लेन बंद” एवढं एक वाक्य मागच्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जातं.

आणि कायदा? हातात फोन धरून बोलताना सापडलात तर ड्रायव्हरला काही हजार डॉलरपर्यंत दंड. त्याच नियमातल्या मोबाइल फोनच्या व्याख्येतून सीबी स्पष्टपणे वगळलेला आहे. लेखकाने हे वाचलंय का?

रिकामा_ट्रेलर
असहमत. तुम्ही सांगताय तो चॅनल १९ सत्तरच्या दशकातला. तेलटंचाई, ५५ मैलांची मर्यादा, पोलिस कुठे लपलेत ते एकमेकांना सांगणारे ड्रायव्हर, सगळं मान्य. गर्दी एवढी वाढली की १९७७ मध्ये २३ चॅनलचे ४० करावे लागले. आज काय ऐकू येतं? इको लावलेला माइक, बेकायदा लिनिअर (शक्ती वाढवणारे ॲम्प्लिफायर) आणि शिव्या. नाहीतर शंभर मैल नुसती खरखर. आठ तास ती खरखर ऐकणाऱ्याच्या डोक्याचं काय होतं तेही लिहा की.

घाटमाथा
खरखर ऐकू येते कारण स्क्वेल्चचं, म्हणजे कमजोर सिग्नलला स्पीकर गप्प ठेवणारं, बटण तुम्ही फिरवलेलंच नाही. सूर्याची क्रिया जोरात असते तेव्हा दिवसा हजार मैलांवरचे आवाज आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परत येऊन १९ वर बसतात. नुसता स्क्वेल्च चढवलात तर त्यांच्याबरोबर पुढच्या दोन मैलांवरचा माणूसही कापला जातो. आधी आरएफ गेन (रेडिओ किती कमजोर सिग्नल पकडेल ते ठरवणारं बटण) खाली आणा, जवळचा ट्रक स्पष्ट राहील आणि लांबचे विरतील एवढाच. मग स्क्वेल्च. या क्रमाने करा, उलटं नको.

शिव्यांवर माझ्याकडे बटण नाही, कबूल.

एसडब्ल्यूआर_पंडित
दोघंही मुद्द्याच्या बाहेर. दहातल्या आठ ट्रकवर सीबी मेलेला नसतो, अँटेना मेलेली असते. आरसा ज्या ब्रॅकेटवर असतो तिथे अँटेना लावतात. तो ब्रॅकेट प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या अंगावर, मध्ये रंग आणि रबराचं वॉशर. ग्राउंड, म्हणजे चेसिसशी पक्की विद्युत जोडणी, कुठून मिळणार? मल्टिमीटर घ्या. ब्रॅकेट ते बॅटरीचा निगेटिव्ह एक ओहमच्या आत हवं. नसेल तर रंग खरवडा आणि अर्धा इंच रुंदीची विणलेली तांब्याची पट्टी शक्य तितकी आखूड ठेवून चेसिसला बांधा. गोल वायर नको.

मग दारं बंद करून, इमारतींपासून लांब उभं राहून चॅनल १, १९ आणि ४० वर एसडब्ल्यूआर मोजा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, कमी तितकं बरं). १ वर जास्त असेल तर अँटेना आखूड, ४० वर जास्त असेल तर लांब. सगळीकडे तीनच्या वर असेल तर अँटेनाचं टोक फिरवून लांबी बदलत बसू नका, शॉर्ट आहे किंवा ग्राउंड नाही. दीडच्या आसपास आलं की थांबा, त्याखालच्या दशांशाने रेंज वाढत नाही.

आणि रेडिओ ते अँटेना केबल बरोबर १८ फूट. कापायची नाही.

कोॲक्सकाका
आला, १८ फुटांचा मंत्र आला! कुणी सांगितलं हो १८? २७.१८५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर, तिची निम्मी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. पण ती हवेतली. केबलमध्ये लहर हळू चालते. आत सॉलिड पॉलिथिनचं आवरण असलेल्या केबलमध्ये वेगाचा गुणक ०.६६, म्हणजे अर्धी लहर १२ फुटांतच संपते. तुमच्या १८ फुटांना कशाचाच आधार नाही. केबल पोहोचेल एवढी घ्या, संपलं.

एसडब्ल्यूआर_पंडित
मग केबल कापली की एसडब्ल्यूआर बदलतो तो काय जादूने?

कोॲक्सकाका
जादूने नाही, तुम्हीच वर लिहिलेल्या कारणाने. ग्राउंड खराब असलं की केबलच्या तांब्याच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतो, केबलच अँटेनाचा भाग होते, आणि मग अर्थातच तिची लांबी मोजली जाते. ग्राउंड नीट असेल तर केबल तीन फूट असो की तीस, एसडब्ल्यूआर तोच. फार लांब केबलमध्ये तर परत येणारी शक्ती वाटेतच जिरते आणि रेडिओकडचा मीटर खोटा छान दिसतो. स्वतःचा निदानाचा धडा स्वतःच वाचला नाही का?

रिकामा_ट्रेलर
सीबी जिवंत की मेलेला हे ठरेपर्यंत याची केबल तरी कापून होईल. पॉपकॉर्न घेतोय.

जुळी_अँटेना
काका, एवढे तावातावाने बोलताय तर जोडीच्या हार्नेसचं काय? दोन्ही आरशांवर एकेक अँटेना, मध्ये टी-जोड, दोन्ही बाजूंना ७५ ओहमची केबल. तिथे ती केबल नुसती वाहक नसते, अँटेनाच्या ओहमचं रूपांतर करते. लांबी पाव लहरीच्या विषम पटीत लागते. पाऊण लहर म्हणजे ८.२७ मीटर, गुणिले ०.६६, म्हणजे ५.४६ मीटर. फुटांत काढा.

कोॲक्सकाका
...१७.९.

जुळी_अँटेना
७५ चा वर्ग भागिले अँटेनाचे ५० म्हणजे ११२.५ ओहम. दोन समांतर म्हणजे ५६. रेडिओला ५० हवेत, जमलं. त्या दोन केबल प्रत्येकी १८ फूटच हव्यात आणि दोन्ही सारख्या. एक कापली तर दोन अँटेना एकमेकींशी भांडतात.

कोॲक्सकाका
ठीक आहे. जोडीला १८ फूट बरोबर, तेही केबल सॉलिड असली तरच. फोम असेल तर गुणक वेगळा आणि तुमचे १८ पुन्हा चुकले. एकट्या अँटेनाला मात्र १८ हा अंधविश्वास, यावरून मी हलणार नाही.

एसडब्ल्यूआर_पंडित
म्हणजे मी अर्धा बरोबर होतो. लिहून ठेवतो, तुमच्याकडून एवढं वारंवार मिळत नाही.

चाकण_ते_नाव्हाशेवा
इकडच्या ट्रकमध्ये का नाही बसवत कुणी? बोरघाटात धुकं उतरतं तेव्हा उपयोगी पडेल.

घाटमाथा
भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झला परवान्यातून सूट आहे, पण ५ वॅट आणि अँटेना रेडिओलाच जोडलेली असली तरच. आरशावरची अँटेना या सवलतीत बसत नाही. केबिनच्या पत्र्यात अडकलेल्या बोटभर अँटेनाने समोरचा टोलनाकाही गाठणार नाही.

जुळी_अँटेना
शिवाय भारतातल्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट, सीबी १२ वर चालतो. दोन बॅटऱ्यांमधल्या एकीवरून १२ घेऊ नका, ती एकटी उतरते आणि दुसरी जादा चार्ज होते. कन्व्हर्टर लावावाच लागतो, आणि स्वस्त कन्व्हर्टर नेमका २७ मेगाहर्ट्झवर कचरा ओततो. शंका आली तर रेडिओ सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. खरखर गेली तर चोर सापडला.

रिकामा_ट्रेलर
बरं, मूळ मुद्दा. अलास्कातल्या डाल्टन हायवेवर १९ लागतो, मोठ्या लोडच्या पुढेमागे चालणाऱ्या पायलट गाड्यांशी बोलायला लागतो, काही यार्डांच्या फाटकावर चॅनल लिहिलेला असतो. तेवढ्यासाठी ठेवा. पण नव्या माणसाला “आधी मल्टिमीटर घे, पट्टी बांध, तीन चॅनल मोज” असं सांगायचं असेल तर त्या लेखकाने “घेऊ नका” लिहिलं यात नवल काय?

घाटमाथा
“नीट बसवता येत नसेल तर घेऊ नका” असं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

एसडब्ल्यूआर_पंडित
एक राहिलं. नवा रेडिओ घेणाऱ्यांनी मोडचं बटण बघा. २०२१ पासून एफएमला परवानगी आहे आणि आवाज स्वच्छ येतो, पण १९ वर सगळे एएमवरच आहेत. चुकून एफएमवर राहिलात तर तुमचं कुणाला कळणार नाही, आणि मग तुम्हीही इथे येऊन लिहाल, सीबी मेला.

कोॲक्सकाका
आणि उरलेल्या केबलचं घट्ट वेटोळं करून सीटखाली कोंबू नका. हे सांगायला १८ फुटांचे भक्त नेहमी विसरतात.