सर्दी-ताप गेला आणि आता अंगभर पुरळ, औषधाची ॲलर्जी की व्हायरल?

मीराची_आई:
मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात सर्दी, खोकला, नाक सतत वाहतंय, घसा लाल आणि ताप. घशासाठी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक चालू होतं. ताप उतरला, पोरगी खेळायला लागली आणि काल आंघोळ घालताना बघते तर पोटावर पाठीवर बारीक गुलाबी ठिपके, आज हातांवर पण आलेत. खाज फारशी नाहीये, जेवतेय बऱ्यापैकी. घरात सगळे म्हणतायत औषधाची ॲलर्जी आहे, आता हे औषध आयुष्यात परत द्यायचं नाही. साध्या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसने असं अंगावर येतं का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्रभर टॉर्च लावून तिचं पोट बघत बसलेय.

पाऊलवाट:
येतं, आणि लहान मुलांमध्ये तर खूपदा येतं. ॲडिनोव्हायरस, एन्टेरोव्हायरस हे सर्दी-घशाचे नेहमीचे व्हायरस आहेत आणि दोन्हीमध्ये पुरळ उठू शकतं. कोविडमध्येही बऱ्याच जणांना आलं होतं, कोणाला पित्तासारख्या गांध्या, कोणाला पायाच्या बोटांवर जांभळट सूज. बहुतेक वेळा व्हायरस स्वतः त्वचेत जाऊन काही करत नसतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढते त्या गडबडीत त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि ते आपल्याला ठिपके म्हणून दिसतं. म्हणून कधीकधी मूल बरं व्हायला लागल्यावरच पुरळ येतं. आमच्या धाकट्याला वर्षाच्या आत असंच झालं होतं, तीन-चार दिवस सणसणीत ताप, ताप एकदम उतरला आणि त्याच दिवशी छाती-पाठ गुलाबी. त्याला रोझिओला म्हणतात, पण तो साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांचा आजार, तुमच्या मुलीचं वय त्यात बसत नाही.

वॉर्ड_नंबर_सात:
मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. नुसता फोटो बघून कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, क्रम बघावा लागतो. ताप आधी की पुरळ आधी, सुरुवात कुठून झाली, औषध सुरू केल्यावर किती वेळाने आलं.

औषधाची खरी ॲलर्जी म्हणजे जी धोक्याची असते ती, बहुतेक वेळा डोस घेतल्यावर तासाभरात दिसते. गांध्या उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते, श्वासाला घरघर लागते. असं काही दिसलं तर विचार करत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं. अमॉक्सिसिलिन चालू असताना पाच-सात दिवसांनी येणारं सपाट गुलाबी पुरळ वेगळं, ते मुलांमध्ये कॉमन आहे आणि बरेचदा मूळ व्हायरसचंच असतं. एपस्टाइन-बार नावाच्या व्हायरसने घसा धरलेला असेल आणि वरून अमॉक्सिसिलिन पडलं तर अंगभर पुरळ उठण्याची शक्यता चांगलीच वाढते.

मला पोटतिडकीने सांगायचंय ते हे की फाईलवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ (अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं) लिहायची घाई करू नका. ज्यांच्या फाईलवर हे लिहिलेलं असतं त्यांच्यातल्या दहापैकी साधारण नऊ जणांना तपासणीनंतर ते औषध व्यवस्थित चालतं. मग तोपर्यंत त्या मुलांना विनाकारण जास्त जड अँटिबायोटिक दिली जातात. आत्ता उरलेला डोस द्यायचा की थांबायचं हे ज्यांनी औषध दिलं त्यांनाच फोन करून विचारा, मनाने बंद किंवा चालू करू नका. आणि पुरळाचे रोज दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा, नंतर फार उपयोगी पडतात.

निळीशाई:
ग्लास टेस्ट केली का? पारदर्शक काचेचा ग्लास घ्यायचा, त्याची बाजू ठिपक्यांवर दाबायची आणि काचेतून बघायचं. फिके पडले तर बहुतेक साधं पुरळ. दाबूनही लाल-जांभळे तसेच राहिले आणि मूल तापलेलं किंवा सुस्त असेल तर ताबडतोब हॉस्पिटल, कारण ते रक्तातल्या जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. सावळ्या अंगावर लाली पटकन कळत नाही तेव्हा तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू पण बघा.

वॉर्ड_नंबर_सात:
ग्लास टेस्टला अनुमोदन. अजून एक, गोवराची लस दोन्ही वेळा झालीय ना? गोवर पण सर्दी, खोकला, लाल डोळे असाच सुरू होतो, पण त्यात पुरळ कानामागून, कपाळाच्या केसांपाशी सुरू होऊन खाली उतरतं आणि पुरळ येतं तेव्हा ताप अजून चढतो. तुमच्याकडे ताप उतरल्यावर पोटापासून सुरू झालंय, म्हणजे चित्र गोवराचं वाटत नाही. तरी शंका असेल तर क्लिनिकमध्ये जायच्या आधी फोन करून कल्पना द्या म्हणजे वेटिंगमध्ये इतर बाळांजवळ बसवणार नाहीत, गोवर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून नंतर चार दिवस पसरतो.

मीराची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. ग्लास टेस्ट केली, ठिपके फिके पडतायत. लसी दोन्ही झाल्यात. औषध सुरू करून सहावा दिवस होता आणि ओठ वगैरे काही सुजलेले नाहीत. डॉक्टरांशी बोलले, संध्याकाळी बोलावलंय. अजून एक, माझी बहीण चौथ्या महिन्यात आहे आणि चार दिवसांपूर्वी दिवसभर हिला मांडीवर घेऊन होती. तिला काही सांगू का?

वॉर्ड_नंबर_सात:
हो, नक्की सांगा. घाबरवू नका, पण तिने तिच्या डॉक्टरांना आजच फोन करावा. गरोदरपणात पुरळवाल्या मुलाशी संपर्क आला की रुबेला (जर्मन गोवर) आणि पार्व्होव्हायरस हे दोन मुद्दाम बघतात. पार्व्होमध्ये मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात, मग हातापायांवर जाळीसारखं पुरळ येतं, आणि तो पसरतो पुरळ दिसायच्या आधी, म्हणजे नुसती सर्दी वाटत असते तेव्हा. पहिल्या वीस आठवड्यांत झाला तर पोटातल्या बाळाचं रक्त कमी होण्याचा धोका असतो. बऱ्याच मोठ्या माणसांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीत ते कळतं. मुलीचे फोटो आणि ताप कधी आला, पुरळ कधी आलं त्या तारखा बहिणीला पाठवून ठेवा, तिचे डॉक्टर हेच विचारतील.