कालगुर्लीची ऑफर आणि ६ लाखांची 'स्पॉन्सरशिप': मालकाने नक्की काय करायचं असतं?

गॅसकटर_रबाळे
धाकट्या भावासाठी विचारतोय. आयटीआय वेल्डर, वय ३४. रबाळे एमआयडीसीत प्रेशर व्हेसलच्या कामावर ९ वर्षं, त्यातली पहिली ५ कंत्राटदाराकडे, पुढची ४ कंपनीच्या पगारावर. पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या एका वर्कशॉपचं ऑफर लेटर आलंय. ताशी ३४ डॉलर, आठवड्याला ४५ तास, राहायला खोली फुकट. व्हिसा ४९४ म्हणतात, म्हणजे प्रादेशिक भागातल्या मालकाच्या स्पॉन्सरशिपवरचा. वाशीतला एजंट 'स्पॉन्सरशिपचे' ६ लाख मागतोय, अर्धे आधी. मालकाने तिकडे काय काय करायचं असतं, ते पैसे कोणी भरायचे आणि आपण इकडे काय तयार ठेवायचं, एवढं कोणी नीट सांगेल का?

खाडीपलीकडे
आधी पैशाचं बोलू, कारण बाकीचं त्यावरच अडेल. स्पॉन्सरशिप विकत घेता येत नाही. १४ डिसेंबर २०१५ पासून ऑस्ट्रेलियात पैसे घेणाऱ्याला तो गुन्हा आहे आणि देणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. मिळालेला व्हिसासुद्धा त्यापायी रद्द होऊ शकतो.

मालकाची कामं तीन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा, 'स्टँडर्ड बिझनेस स्पॉन्सर' म्हणून मान्यता. फी ४२० डॉलर, मान्यता ५ वर्षं चालते. दुसरा, त्या ठरावीक जागेचं नॉमिनेशन, म्हणजे 'या जागेसाठी हा माणूस हवा' असा मालकाचा सरकारकडे अर्ज. तिसरा टप्पा व्हिसाचा अर्ज, तो भावाचा.

खरी मेहनत नॉमिनेशनची. स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायला किमान २ जाहिराती द्याव्या लागतात आणि त्यावर २८ दिवस अर्ज घ्यावे लागतात. जाहिरातीत हुद्दा, लागणारं कौशल्य आणि कंपनीचं किंवा भरती करणाऱ्या एजन्सीचं नाव हवं. पगार ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर तोही छापायचा. मग त्या भागाच्या 'रीजनल सर्टिफाइंग बॉडी'कडून सल्ला घ्यायचा: तेच काम करणाऱ्या तिथल्या माणसाला जो पगार मिळतो तोच याला मिळतोय का. जागा पूर्णवेळ आणि किमान ५ वर्षं टिकेल अशी हवी. नॉमिनेशनला वेगळी फी नाही, पण प्रशिक्षण निधीची लेव्ही एकरकमी भरावी लागते: वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत असेल तर ३,००० डॉलर, त्यावर असेल तर ५,०००. ही लेव्ही, स्पॉन्सरशिपची फी, भरतीचा खर्च यातलं काहीही कामगाराकडून वसूल करता येत नाही, पगारातून हप्त्याने कापूनही नाही.

भावाच्या खिशातून काय जाईल? कौशल्य मूल्यमापन, इंग्रजीची परीक्षा, मेडिकल, पोलीस क्लिअरन्स आणि व्हिसाची फी. ती फी मालकाने स्वखुशीने भरली तर चालतं.

पगारपत्रक
ऑफरचा आकडा कोणी मांडून पाहिला का? ३४ गुणिले ३८ तास गुणिले ५२ आठवडे = ६७,१८४ डॉलर. १ जुलै २०२५ पासून या व्हिसाची किमान वार्षिक पगाराची मर्यादा ७६,५१५ आहे (दर १ जुलैला वाढते, अर्ज भरायच्या दिवशीचा आकडा बघा). म्हणजे ३८ तासांच्या आठवड्याला ताशी साधारण ३८ डॉलर ७२ सेंट तरी हवेत.

एजंटने ४५ तास धरून ७९,५६० दाखवले असणार. हमखास नसलेला ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. फुकटची खोली किंवा गाडी अशा वस्तुरूप सोयीही नाहीत आणि सुपरॲन्युएशन, म्हणजे तिकडचा पीएफ, तोही नाही. तो पगारावर १२ टक्के वेगळा. या ऑफरवर नॉमिनेशन नाकारलं जायचीच शक्यता जास्त. मालकाला करार सुधारून मागा: ३८ तासांचा मूळ पगार वेगळा, ओव्हरटाइम वेगळा. त्याला खरंच माणूस हवा असेल तर तो सुधारून देतो. 'आधी या, मग बघू' म्हणाला तर काय ते समजा.

लेटरहेड
इकडच्या कागदांचं मी सांगतो. ४९४ ला वय ४५ च्या आत, आयईएल्ट्समध्ये चारही भागांत किमान ६, आणि त्याच कामाचा किमान ३ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. शिवाय कौशल्य मूल्यमापन. त्यात आधी कागद तपासतात, मग तांत्रिक मुलाखत किंवा प्रात्यक्षिक. आपली मुलं होल्डर हातात दिला की पास होतात, अडतात ती कागदावर.

अनुभवपत्रात 'वेल्डर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली' एवढ्या दोन ओळी असतील तर उपयोग नाही. लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, हुद्दा, सही करणाऱ्याचा फोन, आणि मुख्य म्हणजे काम: टिग की आर्क, कार्बन स्टील की स्टेनलेस, प्लेट की पाइप, ६जी पोझिशन (तिरक्या बसवलेल्या पाइपचा जोड) केली का, ड्रॉइंग वाचतो का, रेडिओग्राफीला (एक्स-रे तपासणीला) जोड जातात का. वेल्डर क्वालिफिकेशनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव आणि स्टॅम्प नंबर असतो, त्याची प्रत क्यूसीकडून (क्वालिटी कंट्रोल विभागाकडून) आजच मागून घ्या. कामाचे फोटो-व्हिडिओ चेहरा आणि हात एकत्र दिसतील असे काढा, पण गेटवर मोबाइलबंदी असेल तर आधी लेखी परवानगी.

आणखी एक आपल्याकडचा घोळ. आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पीएफला नुसतीच अद्याक्षरं. तिकडच्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पीएफचं नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या, बाकीच्यासाठी ॲफिडेव्हिट.

गॅसकटर_रबाळे
खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. कंत्राटदाराने धंदा बंद केलाय, त्या ५ वर्षांचं पत्र कोण देणार? आणि एजंट खरा की खोटा कसं ओळखायचं?

लेटरहेड
व्हिसाच्या ३ वर्षांना कंपनीच्या पगारावरची ४ पुरतात. मूल्यमापनात जुनी वर्षं उपयोगी पडतात, म्हणून सोडू नका. कंपनीच्या एचआरकडून पत्र घ्या की 'अमुक कंत्राटदारामार्फत आमच्या आवारात अमुक काळात काम केले'. त्याला पीएफ पासबुक, बँकेचं स्टेटमेंट आणि ईएसआयसीचं कार्ड जोडा.

ईपीएफओच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री आत्ताच उघडा. कंत्राटदाराने 'डेट ऑफ एक्झिट' भरलेलीच नसते, मग एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. शेवटच्या भरण्याला दोन महिने होऊन गेले असतील तर ती तारीख भाऊ स्वतः भरू शकतो. ती अनुभवपत्राशी जुळलीच पाहिजे.

खाडीपलीकडे
एजंटला दोन वेगळे नंबर विचारा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. अशा एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, पावती देऊन. ६ लाख कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. व्हिसाचा सल्ला देणारा वेगळा, तो नोंदणीकृत असेल तर त्याच्याकडे ऑस्ट्रेलियाचा सात आकडी मायग्रेशन एजंट नंबर असतो, तोही तिकडच्या सरकारी रजिस्टरवर तपासता येतो. भिंतीवरची फ्रेम म्हणजे नोंदणी नव्हे.

मालकालाही थेट व्हिडिओ कॉल लावा. कंपनीचा एबीएन, म्हणजे तिकडचा धंद्याचा नोंदणी क्रमांक, सरकारी साइटवर मोफत शोधता येतो. बंद पडलेला किंवा कालच काढलेला असेल तर तिथेच थांबा.

पगारपत्रक
जाण्याआधी अटीही वाचा. ४९४ हा ५ वर्षांचा. राहणं, काम, शिक्षण सगळं प्रादेशिक भागातच, बायकामुलांचंही. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं त्यात येतं, पर्थसुद्धा. उतरल्यापासून ९० दिवसांत काम सुरू करायचं आणि त्याच हुद्द्यावर त्याच मालकाकडे. नोकरी सुटली तर १ जुलै २०२४ च्या बदलानंतर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, सगळे मिळून ३६५. तीन वर्षांनी कायमच्या १९१ व्हिसाला अर्ज करता येतो, तेव्हा तिकडच्या इन्कम टॅक्सच्या तीन वर्षांच्या असेसमेंट नोटिसा लागतात. म्हणजे थोडा पगार रोखीत देतो म्हणाला तर घेऊ नका.

मालक ४८२ सुचवेल कदाचित, म्हणजे तात्पुरत्या कुशल कामगारांचा व्हिसा. त्याला १ वर्षाचा अनुभव पुरतो, इंग्रजीही सोपं, पण मेडिकेअर, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही, विमा स्वतः काढावा लागतो. ४९४ वर मेडिकेअर मिळतं. कुटुंब न्यायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

गॅसकटर_रबाळे
एजंटला नोंदणी क्रमांक विचारला, म्हणाला ऑफिसला या मग दाखवतो. मालकाला ३८ तासांचा करार मेलने मागितलाय. क्यूसीची प्रत सोमवारी.