दोन गाड्या असूनही रांग का तुंबते?
भाऊ, रोलर कोस्टरवर दोन गाड्या असून रांग हलत नाही म्हणता, तर घोळ फलाटावर आहे. २० सीटची गाडी दर ६० सेकंदांनी सुटली तर तासाला १२०० माणसं; ९० सेकंद लागले की ८००च. पुढची निघाल्याशिवाय मागची फलाटावर येऊच शकत नाही, फलाटाआधी गाडी थांबवून धरणाऱ्या रुळावरच्या ब्रेकवर, म्हणजे ब्लॉक ब्रेकवर, ताटकळते.

वेळ खातात पिशव्या, चपला अन् 'मी पुढंच बसणार'ची भांडणं. आमच्या मार्कंड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यावरचा पोट्टा रांगेतच चपला काढायला लावतो. तोल राहावा म्हणून समोरासमोरचे डबे भरतो. शिकलेला नाही, पण हिशेब पक्का!

उतरायला एक बाजू, चढायला दुसरी ठेवा. सीटवरच्या सुरक्षा दांडीचं लॉक ओढून बघण्यात मात्र घाई नको, तिथं दहा सेकंद गेले तर जाऊ द्या.