कोरियन युद्धातले अमेरिकी मृत ५४,२४६ की ३६,५७४? विमान अपघातातले मृत्यू कुठल्या रकान्यात धरतात?

सुपर्ण

कोरियन युद्धाच्या (१९५०-५३) टिपणासाठी आकडे जुळवताना दोन जागी अडलं आहे.

पहिली जागा: वॉशिंग्टनच्या स्मारकावर अमेरिकी मृतांचा आकडा ५४,२४६ असा दगडात कोरलेला आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आताच्या तक्त्यात मात्र ३६,५७४ आहे. साडेसतरा हजारांहून जास्त माणसांचा फरक छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. या फरकात विमान अपघात किती आणि कसे येतात?

दुसरी जागा: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाईदलाचे १,२१,८६७ जण "ठार" झाले असं एका मराठी लेखात वाचलं. इतर ठिकाणी ठार झालेल्यांचा आकडा याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास दिसतो. मोहिमेवरून परतताना धुक्यात कोसळलेलं विमान, सरावात आदळलेलं विमान आणि शत्रूने पाडलेलं विमान, या तिन्हींची नोंद वेगळी होते का? ते कोण ठरवतं आणि कशावरून?

रातवा

५४,२४६ ची जुनी फोड आधी पाहा: लढाईतले मृत्यू ३३,६२९ आणि इतर मृत्यू २०,६१७. गोम दुसऱ्या आकड्यात आहे. तो कोरियाचा नाही, साऱ्या जगाचा आहे. त्या तीन वर्षांत टेक्सासच्या छावणीत जीप उलटून गेलेला शिपाईही त्यात आहे आणि जर्मनीत आजाराने गेलेलाही. लढाईतले मृत्यू एकट्या कोरियातले, इतर मृत्यू जगभरातले, आणि दोन्हींची बेरीज मारून एकच आकडा. युद्धाला पन्नास वर्षं होत असताना, २००० साली, पेंटागॉनने ही गफलत उघडपणे मान्य केली.

आताची फोड अशी आहे. रणक्षेत्रात लढाईमुळे ३३,७३९, रणक्षेत्रातच पण इतर कारणांनी २,८३५, मिळून ३६,५७४. रणक्षेत्राबाहेर १७,६७२. तिन्ही मिळवले की पुन्हा ५४,२४६ च येतात. मूळ बेरीज जागच्या जागी आहे, माणसं कुठल्या रकान्यात बसवली एवढंच बदललं.

विमान अपघातांचं म्हणाल तर तीन घटना शेजारी ठेवून पाहा. तिन्ही विमानं एकाच जातीची, सी-१२४ ग्लोबमास्टर, म्हणजे अवजड वाहतूक विमान.

२२ नोव्हेंबर १९५२, अलास्का. विमान माउंट गॅनेटवर आदळलं, सर्व ५२ जण गेले. २० डिसेंबर १९५२, वॉशिंग्टन राज्यातलं मोझेस लेक. नाताळच्या सुट्टीवर निघालेल्या ११५ जणांना घेऊन विमान उडालं आणि लगेच कोसळलं, ८७ गेले. चौकशीत निघालं ते असं: विमान उभं असताना शेपटाचे हलते पृष्ठभाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून जे कुलूप लावतात, ते उड्डाणाआधी काढलंच नव्हतं. एलिव्हेटर आणि रडर दोन्ही जखडलेले. या दोन घटनांत युद्धाचा काळ आहे, पण ठिकाण रणक्षेत्राबाहेरचं आणि कारण लढाईचं नाही. म्हणून ५४,२४६ मध्ये ही माणसं येतात, ३६,५७४ मध्ये येत नाहीत.

तिसरी घटना १८ जून १९५३ ची, टोकियोजवळच्या ताचिकावाची. जपानमधली सुट्टी संपवून कोरियातल्या आपापल्या तुकड्यांकडे निघालेले जवान विमानात होते. उड्डाणानंतर एक नंबरचं इंजिन बंद पडलं. विमान धावपट्टीकडे वळवताना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे) सोडले, त्यांनी वेग खाल्ला, आणि विमान कलंडून पडलं. १२९ मृत्यू. एका अपघातात शंभरावर माणसं जाण्याची विमान इतिहासातली ही पहिली वेळ. इथे जमीन जपानची, नेमणूक कोरियाची. अशी घटना तुमच्या यादीत येते की नाही हे "रणक्षेत्र" कशाला म्हणायचं यावर ठरतं: मृत्यू जिथे झाला ती जागा, की माणूस ज्या तुकडीच्या पटावर होता ती तुकडी. टिपणात यातलं काय धरलं ते लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला आकडा पडताळताच येणार नाही.

सगळे देश असं मोजत नाहीत. १९८२ च्या फॉकलंड युद्धातल्या ब्रिटनच्या २५५ मृतांत १९ मे च्या रात्री समुद्रात पडलेल्या सी किंग हेलिकॉप्टरचे २२ जण धरलेले आहेत. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर माणसं नेताना ते पडलं. पक्षी धडकल्याचा संशय होता, शत्रूचा हात नव्हता. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची व्याख्या तर याहून सैल आहे: ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना गेलेला प्रत्येक जण, मग कारण गोळी असो, विषमज्वर असो की सरावातला अपघात. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानातल्या थडग्यांवर नजर टाकताना हे ध्यानात ठेवा. दगडावर नाव, हुद्दा, तुकडी आणि तारीख असते. मृत्यूचं कारण नसतं.

खतावणी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "कॅज्युअल्टी" म्हणजे "ठार" असं मराठीत सर्रास लिहिलं जातं आणि त्याने फार घोळ होतो. लष्करी हिशेबात कॅज्युअल्टी म्हणजे पटावरून गळालेला माणूस: मेलेला, जखमी, बेपत्ता, कैदी, सगळे. १,२१,८६७ ची फोड आहे ४०,०६१ मृत, १८,२३८ जखमी आणि ६३,५६८ बेपत्ता, कैदी किंवा तटस्थ देशात अडकवून ठेवलेले. त्या लेखातल्या वाक्याने ऐंशी हजारांवर जिवंत किंवा नुसत्या बेपत्ता माणसांना मारून टाकलं. शिवाय हे सगळे लढाईच्या खात्यातले. अमेरिकेच्या भूमीवरचे अपघात वेगळ्या खात्यात आहेत: ५२,६५१ मोठे अपघात आणि १४,९०३ मृत्यू.

आता विमानांचा हिशेब. परदेशात गेलेली विमानं ४३,५८१. त्यांपैकी लढाऊ मोहिमांवर २२,९४८, बाकी २०,६३३ बिगरलढाऊ कारणांनी. यातला "लढाऊ मोहिमेवर" हा शब्द नीट वाचा. त्याचा अर्थ "शत्रूने पाडलेली" असा होत नाही. इंग्लंडवर ढगांत जमवाजमव करताना दोन बी-१७ बॉम्बर एकमेकांवर आदळली, तर तीही मोहिमेवर गेलेलीच ठरतात. उलट, दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात तेच विमान तेच वैमानिक घेऊन पडलं, तर बिगरलढाऊ. फरक उड्डाणाच्या हेतूचा आहे, कोसळण्याच्या कारणाचा नाही.

याचं ठळक उदाहरण ब्रिटिश बॉम्बर कमांडचं, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचं आहे. १६-१७ डिसेंबर १९४३ च्या रात्री बर्लिनवर गेलेल्या लँकेस्टर बॉम्बरपैकी २५ परत आली नाहीत. परतलेल्यांना इंग्लंडवर दाट धुकं आणि जमिनीला टेकलेले ढग मिळाले. इंधन संपत आलेलं, धावपट्टी दिसेना. आणखी २९ आपल्याच भूमीवर कोसळली किंवा वैमानिकांनी हवेतच सोडून दिली. शत्रूच्या नावावर २५, धुक्याच्या नावावर २९. युद्धाच्या खात्यात मात्र या दुसऱ्या विमानांवरचे मृत्यूही मोहिमेवरचेच. बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांत मोहिमेबाहेरच्या अपघातांत गेलेले आठ हजारांवर आहेत. त्यांत धुक्याच्या रात्रीचे हे लोक नाहीत, म्हणून "अपघाताने गेलेले आठ हजार" असं लिहू नका. खरे अपघाती मृत्यू त्याहून जास्त होते.

हे ठरतं कागदावर, आणि कागद कुठला भरला यावर. अमेरिकी हवाईदलात १९४३ पासून विमान परतलं नाही की "बेपत्ता वैमानिकदल अहवाल" ४८ तासांत वर पाठवायचा असे. त्यात निघाल्याचं ठिकाण, लक्ष्य, हवामान, शेवटचं दिसल्याची वेळ आणि जागा, विमानाचा क्रमांक, प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, प्रत्येक मशिनगनचा क्रमांक, माणसांची यादी, आणि शेवटचं पाहणाऱ्याचं नाव. गनचे क्रमांक फुकाचे नव्हते. वर्षांनंतर शेतात जळका सांगाडा सापडला आणि शेपटावरचा नंबर गेलेला असला, की गनवर ठोकलेल्या क्रमांकावरूनच विमान ओळखलं जाई. अपघातासाठी वेगळा कागद होता, फॉर्म १४. ब्रिटिशांकडे अपघातासाठी फॉर्म ११८० चं कार्ड आणि तुकडीच्या रोजच्या नोंदीसाठी फॉर्म ५४०. एखादं नाव शोधताना एका मालिकेत मिळालं नाही म्हणून थांबू नका, दुसरी उघडा. सरावातलं विमान समुद्रावर नाहीसं झालं तर दोन्हींत सापडण्याची शक्यता असते, आणि मग तोच माणूस दोनदा मोजला जातो.

सुपर्ण

फोड समजली, आभार. वाहतूक विमानांचं काय? ती ना बॉम्ब टाकायची, ना लढायची, पण युद्धासाठीच उडत होती.

ईशान्य

त्यासाठी आसामकडे या. १९४२ ते ४५ चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर इथून चीनमधल्या कुनमिंगकडे हिमालयाच्या पूर्व टोकावरून माल जात होता. "हंप" म्हणत ती वाट. अमेरिकी हवाईदलाच्या हिशेबात तिने ५९४ विमानं घेतली. १,३१४ ठार, ३४५ बेपत्ता. पाडापाडीने थोडी गेली, बाकीची हवामानाने आणि यंत्राने घेतली.

सी-४६ या वाहतूक विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायचं, आणि गळलेलं पेट्रोल पंखात साचून राहायचं. एक ठिणगी पुरे व्हायची. सी-१०९ म्हणजे बी-२४ बॉम्बरचा केलेला पेट्रोल टँकर. भरलेला टँकर सहा हजार फुटांवरच्या कुनमिंगला उतरवणं फार अवघड, कारण तिथल्या विरळ हवेत त्याच वजनाला जमिनीच्या तुलनेत जास्त वेगाने यावं लागतं आणि धावपट्टी अपुरी पडते. त्यात पंखांवर बर्फ, आडवे वारे, आणि नकाशावर चुकलेल्या उंचीचे डोंगर.

यातले बहुतेक मृत्यू "बिगरलढाऊ" रकान्यात बसतात. कारणाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण एवढ्यावरून "युद्धात गेले नाहीत" असं लिहिणं मला साफ चुकीचं वाटतं. त्या मालाशिवाय चीनमधल्या तुकड्या उभ्याच राहिल्या नसत्या. टिपणात दोन आकडे वेगळे द्या: "युद्धामुळे" आणि "शत्रूमुळे". मराठीत हे दोन शब्द तयार आहेत आणि त्यांनी अर्धा गोंधळ मिटतो.

रातवा

आपल्याकडचंही थोडं जोडतो, कारण इथे रकाना बदलला की घरच्यांचं निवृत्तिवेतन बदलतं.

भारतीय सेनादलांत "बॅटल कॅज्युअल्टी" (लढाईच्या खात्यातली) आणि "फिजिकल कॅज्युअल्टी" (इतर कारणांची) अशी विभागणी आहे. निवृत्तिवेतनासाठी ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यूची कारणं अ, ब, क, ड, इ अशा पाच वर्गांत बसवली. ड्युटीवरचा अपघात तिसऱ्या वर्गात येतो, युद्धातली शत्रूची कारवाई आणि सरकारने खास जाहीर केलेल्या मोहिमा पाचव्यात. तिसऱ्या वर्गात विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के. पाचव्यात उदार कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे वेतनाइतकंच. केंद्राची एकरकमी मदत १ जानेवारी २०१६ पासून ड्युटीवरच्या अपघाताला २५ लाख आणि युद्धातल्या शत्रूच्या कारवाईला ४५ लाख. म्हणून विमान कोसळल्यावर होणारी कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) दोष शोधण्यापुरती नसते. उड्डाण कुठल्या आदेशाखाली होतं, हे तिच्या कागदांत नेमकं लिहिलेलं असणं घरच्यांसाठी फार मोलाचं.

कारगिलमध्ये २७ मे १९९९ ला दोन लढाऊ विमानं गेली. मिग-२७ चं इंजिन उंचावर रॉकेट डागल्यानंतर विझलं. वैमानिक नचिकेता पॅराशूटने उतरले, कैद झाले आणि ३ जूनला सुटले. मिग-२१ वर क्षेपणास्त्र लागलं, त्याचे वैमानिक अजय आहुजा गेले. एक विमान इंजिनाने, एक शत्रूने, दोन्ही त्या मोहिमेचीच हानी. नचिकेता जिवंत परतले तरी नोंदीत ते कॅज्युअल्टीच, कारण पटावरून काही दिवस गळाले होते. आपल्याच क्षेपणास्त्राने पडलेल्याचं उदाहरण म्हणजे २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामचं एमआय-१७ हेलिकॉप्टर: हवाईदलाचे सहा आणि जमिनीवरचा एक नागरिक. अमेरिकी व्याख्येत असा मृत्यू शत्रूच्या खात्यात धरतात, जर मारा शत्रूवर किंवा शत्रू समजून केलेला असेल तर.

शांतताकाळातल्या अपघातांचे आकडे यात मिसळू नका. मे २०१२ मध्ये संसदेत दिलेली माहिती, ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात सापडली आणि १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि सेवेतले आणखी ८ जण गेले, ही कित्येक दशकांची बेरीज आहे. वर्षावर्षांची तुलना करायची तर उड्डाण-तासांमागचा दर घ्या. भारतीय हवाईदल तो दहा हजार तासांमागे देतं, अमेरिकी हवाईदल लाख तासांमागे. दशांश चिन्ह न हलवता दोन्ही शेजारी मांडले की आपलं हवाईदल दहापट सुरक्षित दिसतं.

शेवटचा मुद्दा तारखेचा. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ हे वाहतूक विमान १०२ जणांसह नाहीसं झालं. अवशेष २००३ मध्ये रोहतांगच्या पलीकडच्या हिमनदीवर सापडले, २०२४ मध्येही चार मृतदेह मिळाले. अलास्कातल्या त्या ग्लोबमास्टरचे अवशेषही २०१२ पासून हिमनदीतून वर येत आहेत. बंगालच्या उपसागरावर २२ जुलै २०१६ ला बेपत्ता झालेल्या एएन-३२ मधल्या २९ जणांना त्याच सप्टेंबरात मृत मानलं गेलं, अवशेष जानेवारी २०२४ मध्ये ३,४०० मीटर खोलीवर सापडले. अशा प्रत्येक नावापुढे घटनेची, मृत मानल्याची आणि अवशेष मिळाल्याची, अशा तीन तारखा लिहा, आणि वर्षवार बेरजेला फक्त पहिली धरा. तिसरी धरली, तर १९६८ मध्ये गेलेला जवान २०२४ च्या यादीत दिसेल.