संगणकाला ‘वैयक्तिक’ ठरवणारी कसोटी कोणती?

प्रश्न
१९७१ चा केनबॅक-१ आणि १९७५ चा अल्टेअर ८८००, या दोहोंनाही ‘पहिला वैयक्तिक संगणक’ म्हटलेले वाचनात येते. केनबॅकमध्ये मायक्रोप्रोसेसर (एकाच चिपवर सामावलेला, आज्ञा पार पाडणारा भाग) नव्हता आणि त्याची स्मृती अवघी २५६ बाइट होती. मग वैयक्तिकपणा नेमका कशावर ठरतो: आकारावर, किमतीवर की मायक्रोप्रोसेसरवर?

पहिले उत्तर
मायक्रोप्रोसेसर ही कसोटी होऊच शकत नाही, कारण तो धुलाई यंत्रातही असतो. उलट १९७३ च्या झेरॉक्स ऑल्टो या संगणकात तो नसूनही एक माणूस, एक पडदा आणि एक माउस अशीच त्याची रचना होती. माझ्या मते ताबा महत्त्वाचा. साठच्या दशकात टाइम-शेअरिंग पद्धतीत एकाच मोठ्या संगणकाचा वेळ अनेक टर्मिनलांवरील लोकांत वाटला जाई आणि यंत्र कसे चालवायचे हे संगणक केंद्र ठरवी. त्याच काळात, १९६२ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत तयार झालेला लिंक संगणक मात्र एकेका संशोधकाने आपल्या प्रयोगासाठी स्वतः चालवावा, याच हेतूने घडवला होता. म्हणून मी त्याला वैयक्तिक संगणकच मानतो.

दुसरे उत्तर
ताब्याचा मुद्दा मान्य आहे, पण किंमत वगळणे मला पटत नाही. लिंक हजारो डॉलरचा होता; तो संस्थाच विकत घेऊ शके, आणि संस्थेच्या मालकीचे यंत्र संस्था केव्हाही काढून घेऊ शकते. अल्टेअरला कळफलक नव्हता, पडदा नव्हता, आज्ञा स्विचांनी भराव्या लागत. तरीही त्याचे सुटे भाग स्वतःच्या पैशाने घेऊन जोडणे सामान्य हौशी माणसाला शक्य झाले. १९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तयार संगणक आल्यावर तर जोडणीचे कौशल्यही आवश्यक राहिले नाही.

प्रश्नकर्ता
या हिशेबाने मोबाइल फोनही वैयक्तिक संगणक ठरेल का? तो तर एकाच माणसाच्या खिशात असतो.

पहिल्या उत्तराचे लेखक
खिशात असणे पुरेसे नाही. यंत्र सर्वसाधारण कामांसाठी असावे आणि त्यावर कोणता प्रोग्राम चालेल हे त्याच्या मालकाने ठरवावे, ही अट मी सोडणार नाही. गेम कन्सोलची गणनशक्ती मोठी असूनही सामान्यतः उत्पादकाने मंजूर केलेलेच प्रोग्राम त्यावर चालतात, म्हणून मी त्याला या वर्गात धरत नाही. ज्या फोनवर स्वतः लिहिलेला प्रोग्राम कोणाच्याही परवानगीवाचून चालवता येतो, त्याला मात्र मी नि:शंकपणे वैयक्तिक संगणक म्हणेन.